‘सिन्नोर’चा घोळ : गीहोन झरा, उभी विहीर आणि हिज्कीयाचा बोगदा

इस्राएलचा राजा दावीद याने तिथल्या यबूसी लोकांकडून यरुशलेम घेतले, ती हकिगत बायबलमधल्या २ शमुवेल ५ मध्ये अवघ्या काही ओळींत उरकली आहे. त्यातल्या आठव्या वचनातला ‘सिन्नोर’ हा एक शब्द मात्र गेली दीडशे वर्षे अभ्यासकांना पुरून उरला आहे.

संपूर्ण हिब्रू शास्त्रात तो दोनदाच येतो. दुसऱ्यांदा येतो तो ४२ व्या स्तोत्रात, खळाळणाऱ्या पाण्याच्या संदर्भात. आजच्या हिब्रूत सिन्नोर म्हणजे नळ, आणि वाचणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते. प्राचीन ग्रीक भाषांतरात याच जागी ‘खंजीर’ आहे, म्हणजे त्या काळीही अर्थ पक्का नव्हता. सोबतच्या क्रियापदाचा अर्थ स्पर्श करणे, पोचणे किंवा मारणे असा होतो. ‘चढून जाणे’ असा होत नाही. चढण्याची गोष्ट १ इतिहास ११:६ मधली. तिथे दावीदाचा सेनापती यवाब आधी वर जातो, पण सिन्नोरचा उल्लेखच नाही. दोन्ही वचने एकत्र शिवली की ‘यवाब पाण्याच्या वाटेने शहरात शिरला’ ही कथा तयार होते.

१८६७ मध्ये एका ब्रिटिश लष्करी अभियंत्याला यरुशलेमच्या गीहोन झऱ्याजवळ खडकातली उभी विहीर सापडली, सुमारे १२-१३ मीटर खोल. खालून झऱ्याचे पाणी, वरून शहराच्या बाजूने येणारा भुयारी उतार. सिन्नोर मिळाला असे मानले गेले आणि नकाशांवर तसे छापलेही गेले. ही घाई महागात पडली. विहीर मुळात चुनखडीच्या खडकात पाण्याने झिजून झालेली नैसर्गिक पोकळी आहे. १९९५ पासूनच्या उत्खननात वरच्या भुयाराच्या भिंती तपासल्या, तेव्हा ते दोन टप्प्यांत खोदलेले दिसले. पहिल्या टप्प्यात तळ उंच होता आणि विहिरीचे तोंड त्या तळाखाली झाकलेले होते. तळ खाली नेल्यावर ते उघडे पडले. उत्खननकर्त्यांनी हे काम इ.स.पू. आठव्या शतकात, म्हणजे दावीदानंतर दोनशे वर्षांनी ठेवले. त्यावर आक्षेप आहेत, तरी विहिरीतून चढाई झाल्याचा पुरावा कोणाकडेच नाही.

झऱ्याभोवतीचा दगडी बुरूज आधी इ.स.पू. १८ व्या शतकातला मानला जाई. २०१७ मध्ये त्याच्या एका भिंतीच्या पायाखालच्या मातीचे रेडिओकार्बन काल इ.स.पू. नवव्या शतकाच्या आसपास आले. बुरूज तेव्हा बांधला की नुसता डागडुजीला आला, यावर अजून वाद आहे.

या मानाने झऱ्याचे पाणी शिलोहाच्या तळ्याकडे नेणारा, यहूदाचा राजा हिज्कीया याचा बोगदा भक्कम जमिनीवर उभा आहे. २ राजे २०:२० आणि २ इतिहास ३२:३० मध्ये त्याचा उल्लेख आहे. ज्या स्वारीच्या तयारीत तो खोदला असे मानतात, ती अश्शूरचा राजा सन्हेरीब याची स्वारी इ.स.पू. ७०१ ची. झरा व तळे यांतले सरळ अंतर सुमारे ३२० मीटर, बोगदा मात्र नागमोडी, ५३३ मीटर लांब. एवढ्या लांबीत उतार अवघा ३० सेंटीमीटरच्या आसपास. दोन टोळ्यांनी दोन्ही टोकांकडून खोदत आणले. भेटीच्या जागेजवळ अर्धवट सोडलेले फाटे आणि दिशा बदलल्याच्या खुणा आहेत. दक्षिण टोकाला छत एकदम उंच होते. उतार जुळेना म्हणून तळ आणखी खोल न्यावा लागला, हे त्याचे पटण्याजोगे कारण.

१८८० मध्ये त्याच टोकाजवळ सहा ओळींचा कोरीव लेख सापडला. त्यात पाणी १२०० हात वाहिल्याचे म्हटले आहे, म्हणजे एक हात सुमारे ४४ सेंटीमीटर. राजाचे नाव लेखात कुठेच नाही. पुढे तो खडकातून कापून काढताना फुटला आणि आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. २००३ मध्ये गिलाव्यातले वनस्पतींचे अवशेष आणि छतावरचे चुनखडीचे लोलक यांची कालमापने जाहीर झाली; ती इ.स.पू. ७०० च्या आसपासच्या बांधकामाशी जुळतात. काही पुरातत्त्वज्ञ मातीच्या भांड्यांवरून बोगदा त्याहून थोडा आधीचा मानतात.

शिलोहाच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या २००४ मध्ये सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना उघड झाल्या. त्या दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या आहेत, हिज्कीयाच्या नव्हेत.