आर भाषेतील ऋण संख्यांची मुळे

संख्याशास्त्रीय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेत ऋण संख्येचे वर्गमूळ, घनमूळ इ. काढण्याच्या रीती. ही भाषा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडवली.

ऋण संख्या कशाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास व दुसऱ्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास म्हटले आहे. वास्तव संख्यांपुरते आर हेच पाळते. −४ चे वर्गमूळ मागितल्यास ‘नॅन’ (संख्या नव्हे) असे उत्तर येते व सोबत इशारा छापला जातो. घनमुळाची गोष्ट वेगळी. −८ चे वास्तव घनमूळ −२ असूनही (−८)^(१/३) याचे (^ ही घाताची खूण) उत्तर नॅनच येते, आणि तेही इशाऱ्याविना.

कारण घातांकात आहे. ६४ बिटांच्या द्विमान रूपात १/३ नेमका मावत नाही. प्रत्यक्षात ६००४७९९५०३१६०६६१ भागिले २^५४ हा अपूर्णांक साठवला जातो. त्याचा अंश विषम व छेद दोनाचा घात आहे. म्हणजे मागणी घनमुळाची दिसली तरी यंत्रापुढे येते ते सम कोटीचे मूळ, आणि ऋण संख्येला तसे वास्तव मूळ नसते. संगणकातील अपूर्णांकी गणिताच्या आयईईई ७५४ या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत ऋण पायाचा अपूर्णांकी घात अवैध ठरवला असून मुळासाठी पूर्णांक कोटी घेणारे वेगळे फलन सुचवले आहे. आरच्या मूळ संचात असे फलन नाही.

कंस गाळल्यास मात्र −८^(१/३) चे उत्तर −२ येते. आर आधी घात काढते व उणे चिन्ह मागाहून लावते, म्हणून उत्तर बरोबर दिसते इतकेच; −४^०.५ देखील −२ च देते, आणि ते −४ चे वर्गमूळ नव्हे. तीच −८ ही संख्या एखाद्या चलात ठेवून घात काढला की पुन्हा नॅन. नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते.

संख्या आधी ‘ॲज.कॉम्प्लेक्स’ या फलनाने संमिश्र (वास्तव व काल्पनिक भाग असलेली) केल्यास −४ चे वर्गमूळ ०+२आय मिळते; येथे आय म्हणजे −१ चे वर्गमूळ. −८ च्या घनमुळासाठी मात्र १+१.७३२०५१आय हे मुख्य मूळ (तीन घनमुळांपैकी प्रमाण मानलेले) येते, −२ नव्हे. मुख्य मूळ देणे हेच गणिताला धरून आहे असा एक पक्ष असून पायथॉन ३ व ऑक्टेव्ह या संगणकभाषा तसेच वागतात. तथापि निरीक्षणांच्या रूपांतरासाठी वास्तव मूळ अधिक सयुक्तिक वाटते. त्यासाठी चिन्ह बाजूला काढून केवलमूल्याचे मूळ घेतात व चिन्हाने पुन्हा गुणतात: साइन(एक्स) * ॲब्स(एक्स)^(१/३). येथे ‘साइन’ म्हणजे चिन्ह (त्रिकोणमितीतील साइन नव्हे) व ‘ॲब्स’ म्हणजे केवलमूल्य. ही रीत विषम कोटीच्या मुळांनाच लागू आहे.

ही काळजी न घेतल्यास निष्कर्ष बिघडतो. −८, १, २७ यांच्या घनमुळांची सरासरी सुमारे ०.६७ आहे. थेट घात काढून ‘एनए.आरएम’ या गहाळ मूल्ये वगळणाऱ्या पर्यायाने नॅन वगळल्यास ती २ येते; ऋण निरीक्षण गळून गेल्याची कोणतीही खूण उत्तरात उरत नाही.

तिन्ही घनमुळे हवी असल्यास बहुपदीची मुळे काढणाऱ्या ‘पॉलीरूट’ या फलनाला एक्स^३ + ८ या बहुपदीचे सहगुणक चढत्या घाताच्या क्रमाने (८, ०, ०, १) देतात. हे फलन जेंकिन्स व ट्रॉब यांच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीतीवर आधारलेले आहे.