कार्लाइलचे दोन हंगाम: १९११ कुठला, १९१२ कुठला?

अमेरिकन फुटबॉलमध्ये जिम थॉर्पच्या कार्लाइल शाळेच्या संघाने हार्वर्ड विद्यापीठाला हरवलं आणि त्याच वर्षी, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर ज्यात खेळत होता त्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीलाही लोळवलं, असं बरेचदा सांगितलं जातं. दोन्ही विजय खरे आहेत, ‘त्याच वर्षी’ तेवढं चुकीचं. हार्वर्डचा सामना ११ नोव्हेंबर १९११चा, लष्कराचा ९ नोव्हेंबर १९१२चा.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही वर्षी संघ पेनसिल्व्हेनियातल्या त्याच शाळेचा, प्रशिक्षक तेच ‘पॉप’ वॉर्नर, आणि थॉर्पची निवड दोन्ही वर्षी अखिल अमेरिकी संघात, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत. पराभवही दोन्ही वर्षी एकेकच, आणि तो मोठ्या विजयानंतरच्या पुढच्याच शनिवारी! १९११मध्ये सिरॅक्यूजकडून ११-१२, १९१२मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून २६-३४.

भरवशाची खूण म्हणजे गुणफलक. हा चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल. १९११मध्ये चेंडूसह गोलरेषा ओलांडली, म्हणजे टचडाउन झालं, की ५ गुण मिळत आणि त्यानंतरच्या किकचा १. मैदानातून चेंडू मारून खांबांमधून, आडव्या दांडीवरून पार केला, म्हणजे फील्ड गोल झाला, की ३. आता हार्वर्डविरुद्धच्या १८-१५ मधले कार्लाइलचे १८ मांडून बघा: एका टचडाउनचे ५, किकचा १, चार फील्ड गोलांचे १२. ते चारही गोल थॉर्पचे, आणि पाय दुखावल्यामुळे पट्ट्यांनी बांधलेला! हार्वर्डने सुरुवातीला राखीव खेळाडू उतरवले होते. हा सामना लाथेने जिंकलेला आहे.

१९१२ला नियमच बदलले. टचडाउनचे ६ गुण झाले. १० यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आलं आणि पुढे फेकलेल्या चेंडूवरची २० यार्डांची मर्यादा गेली. धावणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या चपळ संघाला हे सगळं मानवणारं होतं. कार्लाइलने १९११च्या १२ सामन्यांत २९८ गुण केले होते, १९१२च्या १४ सामन्यांत ५०४. त्यातला एक सामना मात्र ०-० बरोबरीत सुटला.

लष्कराविरुद्धचा निकाल २७-६. हे २७ म्हणजे चार टचडाउनचे २४ आणि तीन किकचे ३, फील्ड गोल एकही नाही. चारपैकी तीन टचडाउन ॲलेक्स आर्कासाची. थॉर्प त्या दिवशी जबरदस्त धावला, पण टचडाउन त्याच्या नावावर नाही. त्याच्या नावावर त्या तीन किक. या सामन्याच्या आठवणीत आर्कासा मागे पडतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आयझेनहॉवरचा गुडघा थॉर्पला अडवताना गेला, हेही असंच जोडून दिलेलं. गुडघ्याची मोठी दुखापत झाली ती पुढच्या आठवड्यात, टफ्ट्सविरुद्ध.

दुसरी खूण ऑलिंपिकची. थॉर्पने स्टॉकहोमला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन (पाच आणि दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धा) जिंकलं ते जुलै १९१२मध्ये, म्हणजे बरोबर दोन हंगामांच्या मध्ये. हार्वर्डसमोर उभा राहिला तो ऑलिंपिक विजेता नव्हता. आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्यामुळे, पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून त्याची पदकं काढून घेतली गेली ती जानेवारी १९१३मध्ये, दोन्ही हंगाम संपल्यावर.

मनात घर करून राहतो तो मात्र १९१२चाच सामना. कार्लाइल ही अमेरिकेतल्या आदिवासी मुलांची सरकारी निवासी शाळा, १८७९मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू झालेली. तिथे आल्या आल्या मुलांचे केस कापत आणि त्यांना स्वतःची भाषा बोलू देत नसत. वुंडेड नी इथे अमेरिकी सैन्याने लाकोटा या आदिवासी लोकांची कत्तल केली ती १८९०मध्ये, या सामन्याच्या अवघी २२ वर्षं आधी. मैदानावरच्या अकरा जणांना समोरचा गणवेश कोणाचा आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि हार्वर्डवरचा विजय २३-१५ असा लिहिलेला दिसला, तर तो १९११चाही नाही. तो १९०७चा, थॉर्प अजून राखीव खेळाडू होता तेव्हाचा.