फोटो स्वतः पाठवला, तरी तक्रार करता येते

कुणी तुमचा खासगी फोटो पसरवण्याची धमकी दिली, की ऐकू येतं: ‘फोटो तूच पाठवलास ना, मग आता पोलीस काही करणार नाहीत.’ तरुण मुलामुलींमध्ये हा समज वर्षानुवर्षे फिरतोय, आणि धमकावणाऱ्याचं फावतं ते यामुळेच.

संमती असते ती एका माणसापुरती. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे देशाच्या फौजदारी कायद्याचं, कलम ७७ उघडून त्याखालचं दुसरं स्पष्टीकरण वाचा: स्त्रीने फोटो काढू दिला, पण तिसऱ्याला दाखवायला संमती दिली नाही, तर तो पसरवणं गुन्हा आहे. मुलग्यांनाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ईचा आधार आहे. वय १८च्या आत असेल तर कायदा आणखी कडक.

पैसे देऊ नका, धमकीचे मेसेज पुसू नका. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.