डोळे आले की लगेच अँटीबायोटिक ड्रॉप्स? जरा थांबा

डोळे आले की घरात पडलेली जुनी ड्रॉप्सची बाटली शोधायची आणि दोन थेंब टाकून मोकळं व्हायचं, असं बरेच जण करतात. पण मोठ्या माणसांचे डोळे येतात ते बहुतेक वेळा व्हायरसमुळे आणि त्यावर अँटीबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. बॅक्टेरियाचं असेल तर (लहान मुलांत हे जास्त) घट्ट पिवळी चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, आणि साधं असेल तर तेही बऱ्याचदा आपोआप जातं.

खरी भीती बुबुळाच्या (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या) इन्फेक्शनची. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांनी स्युडोमोनास या बॅक्टेरियाचं नाव पाठच करावं. हा ओलाव्यात राहणारा, नळाच्या पाण्यातही सापडतो, लेन्सच्या डबीत चिकट थर करून बसतो आणि एकदा बुबुळात घुसला की तिथलं कोलॅजन (बुबुळाला घट्टपणा देणारं प्रोटीन) विरघळायला लागतं, एक-दोन दिवसांत भोकसुद्धा पडू शकतं. डोळा वाचला तरी पांढरं फूल राहतं ते राहतंच.

त्यात हा जन्मजात चिवट, आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकणारा. 2022-23 मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉप्समधूनच याचा एक प्रकार पसरला, ज्यावर जवळपास कुठलंच औषध चालेना. 81 जणांना लागण झाली, त्यातले 4 गेले, कित्येकांची नजर गेली.

एक गंमत मात्र आहे. लॅबच्या रिपोर्टमध्ये 'रेझिस्टंट' (म्हणजे या औषधाला न जुमानणारा) लिहिलेलं असतं ते बहुधा रक्तात औषध किती पोचतं त्या हिशोबाने. ड्रॉप्स थेट डोळ्यात पडतात, तिथे औषध कितीतरी जास्त तीव्र असतं, त्यामुळे रिपोर्ट वाईट असूनही कधीकधी गुण येतो. म्हणून डॉक्टर रिपोर्टइतकंच रोज जखम भरतेय का ते बघतात. पण यावर विसंबून मनाने ड्रॉप्स टाकत राहणं म्हणजे कहरच.

कारण डोळ्यात निरुपद्रवी बॅक्टेरिया कायमचे राहतातच आणि दर वेळी ड्रॉप्स टाकले की त्यातले नाजूक मरतात, चिवट उरतात. रेटिनाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) आजारासाठी डोळ्यात इंजेक्शन घेणाऱ्यांना पूर्वी प्रत्येक वेळी अँटीबायोटिक ड्रॉप्स द्यायचे, मग तपासल्यावर त्यांच्या डोळ्यातले बॅक्टेरिया जास्त रेझिस्टंट निघाले, आणि इन्फेक्शन काही कमी झालेलं दिसेना. आता बरेच डॉक्टर इंजेक्शनआधी फक्त पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक टाकतात, थोडं झोंबतं, पण त्यापुढे बॅक्टेरियाचा चिवटपणा सहसा चालत नाही.