उकिरड्याची वाफ वेगळी, खत वेगळं

पौषातल्या सकाळी उकिरडा वरून थंडगार असतो. फावड्याने हातभर उकरला की भसकन वाफ येते. आमचे मोठेबाबा तिथे हात शेकून घ्यायचे आणि म्हणायचे, "शेणखत टाकलं का पिकाले ताकद येते."

शेतीच्या हिशेबाने बरोबरच. पण त्या 'ताकदी'त दोन गोष्टींची सरमिसळ आहे: ऊर्जा आणि पोषकद्रव्यं. पीक खतातून नत्र, स्फुरद, पालाश घेतं. ऊर्जा घेत नाही. पोरीच्या गाईडात मात्र कुजवणाऱ्या जिवाणूंपासून झाडाकडे बाण काढून त्यावर चक्क 'ऊर्जा' लिहिलंय.

ऊर्जा येते उन्हातून. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळाने ओढलेलं पाणी घेऊन साखर करतं, आणि ऊन त्या साखरेत अडकतं. बैल कुटार खातो. त्यातलं काही डवरं ओढण्यात जातं, बरंचसं नुसत्या अंगाच्या उबेत, आणि न पचलेलं शेणात उतरतं. शेणातले जिवाणू त्यावर जगतात आणि तेही उष्णता सोडतात. म्हणजे उकिरड्याची ती वाफ गेल्या पावसाळ्यातलं ऊनच, पार निघून चाललेलं. ते पुन्हा कुठल्याच पानात शिरत नाही.

अशी गळती अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर होते, म्हणजे गवताकडून चितळाकडे आणि चितळाकडून वाघाकडे जातानाही. अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक रेमंड लिंडेमन यांनी 1942 मध्ये तिचा हिशेब मांडला. पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा पोचतो, असं तेव्हापासून सांगतात. आकडा ठोकळच आहे, जागेप्रमाणे कमीजास्त होतो. पण ताडोबात चितळांचे कळप का दिसतात आणि वाघ मोजकेच का, ते त्यातून कळतं.

पोषकद्रव्यांची गोष्ट निराळी. ती संपत नाहीत, जागा बदलतात. जंगलात सायाळ चितळाची गळालेली शिंगं कुरतडते. तिला त्यातलं कॅल्शियम आणि स्फुरद हवं असतं, पोट भरायचं नसतं. आपल्या कपाशीचं तर आणखी मजेशीर आहे. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज: हवा, पाणी आणि ऊन. गाठी विकल्या तरी जमिनीतलं नत्र फारसं जात नाही. ते असतं सरकीत. सरकीची ढेप गाईपुढे आली, शेण शेतात गेलं, तर त्यातलं बरंचसं घरी परत येतं. शेण गोवऱ्यांत गेलं तर नाही.

पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांचं विटांचं जाळीदार टाकं हीच परतफेड सांभाळतं. शेण थोडं, काडीकचरा भरपूर, वर माती. जाळीतून हवा जाते म्हणून जिवाणू जोमाने कामाला लागतात, टाकं तापतं. ऊब जाते, नत्र बरंचसं आत राहतं.

चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, घातल्या की दोघांच्या वाटा डोळ्यांदेखत फुटतात. ऊब भाकरीला लागते आणि विरून जाते. नत्र धुराबरोबर हवेत. पालाश राखेत उरतो, आणि ती राख आई परसातल्या वांग्यांच्या बुडाशी टाकते.