पावसाळी पाण्याची वाळू-गाळणी : गणिती मॉडेल

रस्ते, पार्किंग, छपरं धुऊन येणाऱ्या पावसाच्या पाण्यात माती, टायरचा चुरा, कुजलेला पाला असं बरंच काही असतं, आणि हे पाणी वाळूच्या थरातून सोडलं तर किती गाळ अडेल आणि थर कधी तुंबेल याचा आधीच हिशोब मांडायला गणिती मॉडेल्स वापरतात. अमेरिकेतल्या ऑस्टिन (टेक्सास) शहराच्या नावाने ओळखली जाणारी गाळणी अशा गाळण्यांत बहुधा सगळ्यात परिचित, आधी गाळ बसायची टाकी आणि मग साधारण ४५ सेंमी वाळू.

मूळ समीकरणाचं श्रेय सहसा जपानी इंजिनिअर इवासाकी यांच्या १९३७ च्या लेखाला देतात. थराच्या दर सेंटिमीटरला, तिथवर पोचलेल्या गाळाचा ठरावीक हिस्सा अडतो, म्हणून खोलीनुसार गाळ घातांकी घटतो, म्हणजे आधी झपाट्याने आणि मग हळूहळू. हा हिस्सा येतो कुठून ते याओ, हबीबियन आणि ओमेलिया यांनी १९७१ मध्ये वाळूच्या एकेका दाण्यापासून मांडलं : अगदी बारीक कण विसरणामुळे (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत) दाण्याला भिडतात, मोठे वजनाने खाली बसतात किंवा जाता जाता दाण्याला टेकतात, आणि मधले, साधारण १ मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग), सर्वात जास्त निसटतात. सच्छिद्रता (थरातल्या मोकळ्या जागेचा हिस्सा) ०.४, दाणा ०.५ मिमी, थर ४५ सेंमी आणि एका दाण्याच्या वाटेत येणाऱ्या हजार कणांतला १ चिकटतो असं धरलं तर जेमतेम ५५ टक्के गाळ अडतो; दाणा १ मिमी केला आणि बाकी सगळं तेच ठेवलं तर ३३ टक्केच, आणि प्रत्यक्षात मोठ्या दाण्याला चिकटायचं प्रमाणही घटतं.

चिकटलेला गाळ पुन्हा सुटतो का, यावर मात्र जुना मतभेद आहे. सोव्हिएत संशोधक मिंट्स यांच्या मते चिकटणं आणि सुटणं सतत सोबतच चालतं, तर लंडनचे आइव्ह्स म्हणत की प्रवाह स्थिर असेल तर सुटत नाही, तो अचानक वाढला तरच सुटतो. पिण्याच्या पाण्याच्या गाळणीत प्रवाह बऱ्यापैकी स्थिर ठेवता येतो, त्यामुळे तिथे हा वाद बाजूला ठेवून चालतं, पण पावसाच्या सरी कमीजास्त होत राहतात आणि मध्ये थर कोरडाही पडतो, म्हणून इथे गाळ सुटण्याचं पद समीकरणात ठेवणंच जास्त सुरक्षित वाटतं, मग कारण कुणाचंही मान्य करा.

तुंबणं बहुतेक वरच्या काही सेंटिमीटरमध्येच होतं. तिथे गाळाची साय धरते, गाळण सुधारते पण पाणी उतरेनासं होतं, आणि इवासाकींचं समीकरण या सायीला लागू पडत नाही, तिचा अडथळा वेगळा मोजावा लागतो. देखभालीत हाच वरचा थर खरवडून काढतात.