केस परत आले, पण कशामुळे?

मुंबईत पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला की दिवाळीच्या आसपास कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. तापाच्या धक्क्याने बरीच केशमुळं एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस गळतात. मग दादरहून काष्ठौषधीच्या दुकानातला माका येतो, तेल उकळतं आणि उन्हाळ्यापर्यंत भांगाशी बारीक नवे केस दिसतात. श्रेय माक्याला! पण असे गळलेले केस बहुतेकांचे काही न लावताही परत येतात. म्हणून वनस्पतींच्या कुठल्याही दाव्याला माझा पहिला प्रश्न असतो: तुलनेला दुसरा गट होता का?

माक्याचं ताजं पान चुरडलं की हिरवा रस बोटांवर बघता बघता काळपट होतो. केसांशी त्याचं नातं जुळलं ते बहुधा त्यामुळेच. त्याच्या अर्काने उंदरांच्या कातडीवर केस लवकर उगवल्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. कोरियात २००७ साली ग्रीन टीमधल्या ईजीसीजी या घटकाने प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेली माणसाची केशमुळं वाढली. पण तिथे त्वचेचा अडथळा नव्हता. डोक्यावर लावलेला रेणू मुळाच्या तळाशी पोचायला तर हवा!

माणसांवरच्या चाचण्या मोजक्याच. २०१५ साली इराणमध्ये टक्कल पडू लागलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना रोझमेरीचं तेल दिलं, निम्म्यांना मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध (२ टक्के). तीन महिन्यांत काहीच फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस वाढले, जवळपास सारखेच. मात्र औषधाविना ठेवलेला गट नव्हता, ही मोठी उणीव. स्कॉटलंडमधली १९९८ची चाचणी मला जास्त पटते. चाई पडलेल्यांपैकी, म्हणजे केसांत गोल चकत्या पडलेल्यांपैकी, एका गटाने रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर आणि देवदारवर्गी झाडाचं तेल साध्या तेलात मिसळून रोज लावलं, दुसऱ्याने नुसतं साधं तेल. सात महिन्यांनी सुधारणा ४४ टक्के विरुद्ध १५ टक्के. अर्थात चाई हा प्रतिकारशक्तीच्या गोंधळाचा आजार, टक्कल वेगळं.

आणि आपलं खोबरेल? मुंबईतच मॅरिको या खोबरेल बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की ते केसाच्या आत शिरतं आणि त्यातली प्रथिनं धुऊन जाणं कमी करतं. मुळाला त्याने चालना मिळत नाही, पण केस तुटतात कमी.

रोझमेरीचं तेल लावायचंच तर खोबरेलात चार-दोन थेंब घालूनच लावा, नुसतं लावलं तर टाळूची आग होते. सहा महिने उलटूनही गळती थांबली नाही, तर तेल बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून थायरॉइड आणि लोहाची तपासणी करून घ्या.